21 महिन्यांची मुलगी, 11 पुस्तकं आणि 3 वाचणारे

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे, दोन खोल्या आणि वर गच्ची असं घर. मुलगी 21 महिन्यांची. वडिलांचे टॉवेलचे चार यंत्रमाग जवळच्याच शेडमध्ये. एक पाळी ते स्वतः सांभाळतात, त्यामुळे घरी यायची वेळ नक्की नाही. आई पतसंस्थेत नोकरीला, सकाळी दहाला बाहेर पडते ती संध्याकाळी साडेसहाला घरात. दिवसभर मुलगी वडिलांच्या आईपाशी. कुटुंब पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातलं; वडील आणि त्यांची आई आपसात तेलुगूत बोलतात. आई बार्शीची, मराठी माहेरची. तेलुगू तिला कामापुरतं कळतं, बोलता येत नाही. मुलगी आजीला ‘नम्मा’ म्हणते, म्हणजे नानम्मा, तेलुगूत वडिलांची आई. नानम्मांनी तीसेक वर्षं विड्या वळल्या. मराठी त्यांना सगळं समजतं, पण वाचता कुठलीच लिपी येत नाही.

जानेवारीच्या शेवटी आईने पुस्तकांबद्दल सल्ला विचारला तेव्हा तिच्या तक्रारी तीन होत्या. मुलीला पुस्तकं आवडत नाहीत, दुसऱ्या-तिसऱ्या पानालाच उठून जाते. पुस्तकं फाडते. आणि बोलते फक्त बारा शब्द; शेजारच्या बाई म्हणतात की घरात दोन भाषा असल्यामुळे पोर गोंधळलंय, आता एकच भाषा ठेवा.

तिन्ही तक्रारींचं मूळ मुलीत नव्हतं.

दोन दिवस नुसतं बघितलं तेव्हा

आई वाचते रात्री साडेनऊला, भांडी आवरून झाल्यावर. मुलगी सकाळी सातला उठलेली असते, दुपारी एक ते तीन झोपलेली. पुस्तक इंग्रजी शब्दचित्रांचं, जाड पुठ्ठ्याचं, एका पानावर बारा चित्रं. आईचं बोट भराभर फिरतं: हे काय? आणि हे? हे कोण? तीन मिनिटांत सतरा प्रश्न झाले, आणि एकाही उत्तरासाठी सेकंदभराहून जास्त थांबणं झालं नाही. मुलीने चमच्यावर बोट ठेवलं तेव्हा आईचं बोट विमानावर पोचलं होतं. मुलीने पुन्हा चमच्यावर बोट ठेवलं. आई म्हणाली, “ते झालं, आता हे बघ.” तिसऱ्या मिनिटाला मुलीने पुस्तक मिटलं आणि ती खाटेवरून उतरली.

दुपारी चारचं चित्र वेगळं. नानम्मा दारापाशी बसून शेंगा फोडत होत्या. मुलगी आत गेली, एक पुस्तक ओढत आणलं आणि त्यांच्या मांडीवर ठेवून समोर उभी राहिली. त्या तेलुगूत म्हणाल्या, आई आल्यावर वाचेल, आणि त्यांनी पुस्तक वर ठेवून दिलं. एकाच दुपारी हे दोनदा झालं. पुस्तक न आवडणारं मूल स्वतःहून पुस्तक आणत नाही. ते ज्या माणसाकडे आणलं जात होतं त्याला वाचता येत नव्हतं, आणि ज्याला वाचता येत होतं ते माणूस मूल दमल्यावर हाताशी यायचं.

अकरा पुस्तकांची झडती

तीन पुस्तकं सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर घेतलेली, बाकीची ऑनलाइन किंवा भेट आलेली.

चार पुस्तकं शब्दचित्रांची, वर सांगितलेली. पुठ्ठा मजबूत, कोपरे गोल, हाताळायला उत्तम. अडचण चित्रांच्या गर्दीची. या वयात मुलाला बोट ठेवायला एक ठसठशीत चित्र लागतं. बारा चित्रं असली की मूल कशाकडे बघतंय ते वाचणाऱ्याला कळत नाही, मग शब्द एका वस्तूचा आणि नजर दुसऱ्या वस्तूवर. जेसिका हॉर्स्ट यांच्या गटाने 2018 साली साडेतीन वर्षांच्या मुलांबरोबर नेमकं हे तपासलं: समोरासमोरच्या दोन्ही पानांवर चित्रं असली तर मुलं नवे शब्द कमी शिकली, एकाच पानावर चित्र असलं तर जास्त. साडेतीन वर्षांच्या मुलाला दोन चित्रं जास्त होत असतील, तर पावणेदोन वर्षांच्या मुलीला बारा कशी पेलायची?

तीन पुस्तकं बोधकथांची. पानभर मजकूर, वर कोपऱ्यात छोटं चित्र. पुस्तकं वाईट नाहीत, वेळ चुकलेली आहे. मुलगी चार-पाच वर्षांची झाली की ती उपयोगी पडतील.

एक उघडलं की चित्र उभं राहणारं. यात मुलीने ससा ओढून उपटला होता, आणि हे फाडणं नव्हे, ते पुस्तकच ओढायला सांगतं. 2010 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात दिसलं की दोन वर्षांच्या आगेमागे असलेली मुलं अशा हलत्या-उघडत्या चित्रांच्या पुस्तकांतून साध्या पुस्तकांपेक्षा कमी शिकतात. लक्ष झडपेकडे जातं, चित्राकडे नाही.

एक बटणं दाबल्यावर आवाज करणारं. हे त्याच दिवशी घरातून बाहेर काढायला सांगितलं, कारण बॅटरीच्या झाकणाला स्क्रू नव्हता, ते नखाने उघडत होतं. आत नाण्यासारख्या चपट्या बॅटऱ्या असतात. अशी बॅटरी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी घरी वाट बघायची नाही, उलटी करवायची नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जायचं. असं पुस्तक घ्यायचंच असेल तर झाकण स्क्रूने बंद आहे का ते दुकानातच उलटं करून बघा.

एक कापडी, सहा महिन्यांच्या बाळासाठीचं.

आणि अकरावं कपाटावर ठेवलेलं, ‘फाटलं म्हणून’. या पुस्तकापाशी थोडं थांबायला हवं. सोळा पानी, पातळ कागदाचं, दोन पिना मारलेलं मराठी चित्रपुस्तक. प्रत्येक पानावर एकच चित्र आणि खाली एक ओळ. मधलं जोडपान पिनांमधून सुटलेलं, त्याचा खालचा कोपरा चघळून कापसासारखा झालेला. नवव्या पानावर काळं कुत्रं दारात बसलेलं आहे. त्या कुत्र्याच्या अंगावरची चकाकी बोटांनी घासून गेली होती आणि भोवती तेलकट ठशांचं वर्तुळ उमटलं होतं. बाकीची दहा पुस्तकं जवळजवळ कोरी होती. पुस्तक कुठे फाटतं, कुठे मळतं, हे बघून मुलाची आवड जितकी नेमकी कळते तितकी मुलाला विचारून कळत नाही. पान फाटलं होतं कारण ते पुन्हापुन्हा उघडलं गेलं होतं, आणि या वयात पान चिमटीत धरण्याऐवजी मुठीत धरलं जातं. फाडते म्हणून जे पुस्तक काढून घेतलं, तेच तिचं आवडतं होतं.

आधी वाचणारा ठरवा

पुस्तक मुलाच्या वयावरून निवडायचं, असं सगळे सांगतात. ते अर्धंच खरं आहे. दोन वर्षांखालचं मूल पुस्तक वाचत नाही, ते माणसाच्या मांडीवर बसून माणसाचं बोलणं ऐकतं आणि त्याच वेळी चित्र बघतं. म्हणून प्रश्न असा विचारायला हवा: हे पुस्तक कोणाच्या तोंडी जाणार, दिवसाच्या कुठल्या वेळी, आणि त्या माणसाची सर्वांत मोकळी भाषा कोणती? या घरात वाचणारे तीन आहेत, आणि तिघांना एकच पुस्तक चालणार नाही.

नानम्मांपाशी सर्वांत जास्त वेळ आणि सर्वांत श्रीमंत भाषा. त्यांच्यासाठी ठरलं बिनशब्दांचं पुस्तक आणि घरीच केलेला फोटोंचा अल्बम. अक्षरच नसेल तर ‘मला वाचता येत नाही’ हा अडसर उरत नाही. इथे वडिलांनी विचारलं, तेलुगू छापलेलं पुस्तक आणू का? नको. वडील मराठी शाळेत शिकलेले, तेलुगू बोलतात पण लिपी वाचता येत नाही. आईला येत नाही. नानम्मांना येत नाही. वाचणारं कोणी नसलेली लिपी घरात आणून उपयोग नाही. मराठी पुस्तकातलं चित्र बघून तेलुगूत बोलायला काहीच हरकत नाही, आणि त्यासाठी भाषांतरही करायचं नाही. चित्रात जे दिसतंय ते आपल्या शब्दांत सांगायचं, बस.

आईला दिवसाकाठी दहा मिनिटं. तिच्यासाठी पुन्हापुन्हा येणारी ओळ असलेली मराठी चित्रपुस्तकं, दोन. वडिलांसाठी गाड्यांचं आणि जनावरांचं पुठ्ठ्याचं पुस्तक, एका पानावर एक चित्र, सकाळी पाच मिनिटांपुरतं. त्यांच्याबाबत विशेष अडचण नव्हती. त्यांना फक्त कोणीतरी सांगायला हवं होतं की हे तुमचंही काम आहे.

बाहेर टोपलीत एका वेळी चारच पुस्तकं. बाकीची वर. दर पंधरा दिवसांनी एकच बदलायचं, आणि ज्यावर ताजे डाग आहेत ते काढायचं नाही.

दुकानात दोन मिनिटं

नवी पेठेतल्या दुकानात मुखपृष्ठ बघून पुस्तक उचललं जातं. त्याऐवजी मधलं पान उघडा आणि पुस्तक हात लांब करून धरा. चित्रात कोण आहे आणि ते काय करतंय, हे तेवढ्या अंतरावरून एका नजरेत कळलं पाहिजे. मग पार्श्वभूमी बघा, साधी हवी. मग घडीची जागा: मुख्य चित्राचं तोंड घडीत गेलंय का? पिनांच्या पुस्तकात हे फार होतं, आणि मूल मांजराचं तोंड शोधत पुस्तक उलटं वाकवतं.

मग दोन पानं मोठ्याने वाचा, लाजू नका. 18 ते 24 महिन्यांच्या मुलासाठी पानागणिक चार ते आठ शब्दांची एक ओळ पुरे, सगळं पुस्तक तीन-चार मिनिटांत संपावं. जीभ अडखळली तर पुस्तक खाली ठेवा. भाषांतरित पुस्तकांत ‘लहान अस्वल त्याच्या आईला शोधत असताना खूप दुःखी झाले’ अशी वाक्यं भेटतात. मराठीत कोणी असं बोलत नाही. ‘पिल्लू निघालं. आई कुठंय? झाडामागं? नाही!’ असं असलं की ऐकणारं मूल पानाच्या कडेला हात घालतं, कारण उत्तर पुढच्या पानावर आहे. चांगल्या पुस्तकात प्रश्न पान उलटण्याआधी येतो आणि उत्तर उलटल्यावर. धपकन, टपटप, भुर्रकन, खळखळ अशा नादाचे शब्द किती आहेत तेही बघा. मराठीत त्यांची खाण आहे, आणि मूल ते अर्थ कळण्याआधी उचलतं.

छापील मराठीचं एक वेगळंच दुखणं आहे. पुस्तकात ‘मांजर झोपले’ असतं, घरात आपण ‘मांजर झोपलं’ म्हणतो. वाचताना बेधडक ‘झोपलं’ म्हणावं, ‘कुठे’चं ‘कुठं’ करावं. मुलाला अजून अक्षराशी घेणं नाही. वाचून दाखवत असताना शाळेआधीच्या वयाची मुलं कुठे बघतात ते डोळ्यांच्या हालचाली टिपून पाहिलं गेलंय: नजर जवळजवळ सगळी चित्रावर, मजकुरावर क्वचित. म्हणून ओळ जशीच्या तशी वाचण्याचं ओझं घेऊ नये. एकच पथ्य: पुन्हा येणारी ओळ दर वेळी तशीच म्हणायची. मूल तिथेच सूर मिसळतं.

चित्रं शक्यतो खऱ्या वस्तूसारखी. फोटो किंवा फोटोच्या जवळ जाणारं चित्र असलं तर दीड वर्षाचं मूल पुस्तकात ऐकलेलं नाव बाहेरच्या खऱ्या वस्तूला लावू शकतं, व्यंगचित्रासारखं असलं तर हे अवघड जातं. टोपी घातलेलं, दोन पायांवर चालणारं कुत्रं नंतर येऊ दे. आधी गल्लीतलं चार पायांचं.

शेवटी पुस्तक उघडून दोन्ही बाजूंना थोडं ताणा आणि पिना तपासा.

पुस्तकं कुठली, याचं उत्तर मोठं नाही. ज्योत्स्ना प्रकाशनासारख्या प्रकाशकांची मूळ मराठी चित्रपुस्तकं मोठ्याने वाचायला जिभेवर बसतात. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं पातळ आणि स्वस्त, म्हणून फाटली तर जीव हळहळत नाही. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ 2015 पासून आहे. तिथे मराठी, तेलुगू, कन्नड अशा अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत मिळतात, उतरवून छापायला परवानगी आहे, बिनशब्दांचीही आहेत. तिथली ‘पातळी 1’ वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी आहे, त्यात अडीचशेपर्यंत शब्द असू शकतात. आपल्याला त्यातलीही पन्नास-साठ शब्दांची निवडायची.

पिना काढून दोरा

कपाटावरचं पुस्तक खाली आणायचं तर आधी दुरुस्ती. पिन सुटली की तिची टोकं वर येतात. बोटाला लागतात, तोंडात जाऊ शकतात. म्हणून दोन वर्षांखालच्या मुलाला पिनांचं कुठलंही पुस्तक द्यायचं तर शिवूनच द्यावं. अर्ध्या तासाचं काम आहे.

पुस्तक मधोमध उघडा. पिनांची वाकलेली टोकं बोथट सुरीने सरळ करून पिना बाहेरच्या बाजूने ओढा, आणि दोनच्या दोन निघाल्या ना ते मोजा. पानं जुळवून घडीवर तीन खुणा करा: एक बरोब्बर मध्ये, एक वरच्या आणि एक खालच्या कडेपासून तीन सेंटिमीटरवर. दाभणाने भोकं पाडा, सुईने नको, सुई कागद फाडते. दोरा सुती, दुपदरी, पुस्तकाच्या उंचीच्या अडीचपट. या घरात मागावरचं सूत होतंच. आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या आत लांब टाका घेऊन खालच्या भोकातून बाहेर, आणि पुन्हा मधल्या भोकातून आत. आता दोन्ही टोकं आतच आहेत, लांब टाक्याच्या अल्याड-पल्याड. त्या टाक्यावरून दुहेरी गाठ मारा, टोकं एक सेंटिमीटर ठेवून कापा. दोरा घडीच्या दिशेने ओढून ताणायचा. कागदाला काटकोनात ओढला तर भोक फाटून लांबतं. चघळलेला कोपरा कात्रीने गोल कापा, आणि मग बाकीचे तीनही.

घरी छापताना ए-4 कागद दोन्ही बाजूंनी छापून मधे दुमडायचा: सोळा पानांना चार कागद. छपाईत ‘बुकलेट’ निवडायचं आणि कागद आखूड कडेवर उलटायला सांगायचा. हे विसरलं की मागची पानं उलटी येतात. कागद नेहमीच्या झेरॉक्सचा नको, 130 जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा घ्या. लॅमिनेशन केलंच तर कोपरे गोल कापल्याशिवाय मुलाच्या हातात देऊ नका, ते धारदार असतात.

पहिले चार आठवडे: काय जमलं नाही

अल्बम पहिल्यांदा फसला. घरातले दहा फोटो चार बाय सहामध्ये काढून प्लॅस्टिकच्या कप्प्यांत भरले होते. प्रत्येक फोटोत चार-पाच माणसं, लग्नातली. मुलगी फक्त स्वतःला शोधायची आणि पान उलटायची. शिवाय ट्यूबलाइटची चकाकी प्लॅस्टिकवर पडून निम्मं चित्र दिसेना. दुसऱ्यांदा फोटो नव्याने काढले, एका फोटोत एकच वस्तू: तव्यावरची भाकरी, तांब्या, नानम्मांचा चष्मा, चपला, गल्लीतलं कुत्रं, गच्चीवरचं मांजर, पाण्याचा पिंप, चालू माग. छोट्या वस्तू आधी खाटेवरच्या चादरीवर ठेवल्या होत्या. सोलापुरी चादरीच्या नक्षीत चष्मा हरवून गेला. मग खाली साधा पांढरा टॉवेल अंथरला. छपाई चकाकी नसलेल्या कागदावर. बसण्याची जागा बदलली: खिडकी पाठीमागे, म्हणजे उजेड पानावर येतो आणि नानम्मांनाही दिसतं.

आईचा वेळ साडेनऊवरून सातवर आणला, जेवणाआधी. तीन दिवस छान गेले, चौथ्या दिवशी पाणी आलं. सोलापुरात पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा घरातलं प्रत्येक भांडं भरून घ्यावं लागतं आणि बाकी सगळं थांबतं. त्या दिवशी वाचन बुडालं, मग दुसऱ्याही दिवशी. तोडगा साधा निघाला: पाण्याच्या दिवशी वाचन वडिलांकडे, सकाळी.

प्रश्नांची सवय मात्र लवकर जाईना. आईला एक गोष्ट करायला सांगितली: पान उघडलं की तोंड बंद, मनात पाच अंक मोजायचे. मुलगी ज्यावर बोट ठेवेल त्याचंच नाव घ्यायचं आणि एक शब्द जोडायचा. ती ‘भूभू’ म्हणाली तर ‘हो, काळा भूभू’. दुसऱ्या दिवशी ‘काळा भूभू बसलाय’. प्रश्न विचारलाच तर एका पानाला एक, आणि उत्तर नाही आलं तर स्वतःच सांगून पुढे जायचं. मुलाच्या बोलण्याला धरून त्यात भर घालत वाचायची पद्धत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 साली 21 ते 35 महिन्यांच्या मुलांच्या पालकांना शिकवली होती. चार आठवड्यांनंतर त्या मुलांचं बोलणं, नेहमीच्या पद्धतीने वाचून दाखवलेल्या मुलांपेक्षा पुढे गेलेलं आढळलं. पाच अंक मोजणं आईला दहाव्या दिवसाच्या सुमारास जमलं. त्यात तिचा दोष नाही. दमून आलेल्या माणसाला शांतता म्हणजे वेळ वाया गेल्यासारखी वाटते.

नानम्मांना काही शिकवावं लागलं नाही. अल्बममधल्या कुत्र्यावर मुलीने बोट ठेवलं, “कुक्का!” त्या म्हणाल्या, “औनु, पेद्द कुक्का,” होय, मोठं कुत्रं, आणि मग ते कुत्रं काल चपला घेऊन कसं पळालं ते दहा वाक्यांत सांगितलं. जे 1988 च्या अभ्यासात पालकांना प्रशिक्षण देऊन करवून घ्यावं लागलं, ते त्या शेंगा फोडता फोडता करत होत्या. त्यांना हवं होतं ते फक्त हातात धरता येईल असं पुस्तक.

चौथ्या आठवड्यात नवी तक्रार: शिवलेलं पुस्तक रोज सहा-सात वेळा मागते, दुसरं घेऊच देत नाही. आईने कंटाळून दोन पानं एकदम उलटली तर मुलीने हात धरून मागे नेली. ही तक्रार नाही, हेच हवं होतं. 2011 च्या एका अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांपैकी काहींना तीनच गोष्टी पुन्हापुन्हा, तर काहींना नऊ वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या. नवे शब्द दोघांच्या कानावर सारख्याच वेळा पडले, तरी लक्षात जास्त राहिले ते तीच गोष्ट पुन्हा ऐकणाऱ्यांच्या. वाचणाऱ्याला कंटाळा आला तर आवाज बदलावा, एकदा कुजबुजत वाचावं. पुस्तक बदलू नये.

बारा शब्दांचा हिशेब

आईच्या यादीत बारा मराठी शब्द होते. नानम्मांसमोर बसून नव्याने यादी केली तेव्हा सात तेलुगू शब्द निघाले: नीळ्ळु, पालु, कुक्का, चेप्पु वगैरे. ‘मराठी नाहीत’ म्हणून आईने ते धरले नव्हते. दोन शब्द तर तिला चुकीचे ऐकू आले होते. मांजर दिसलं की मुलगी ‘पिल्ली’ म्हणायची. आई दुरुस्त करायची, “पिल्लू नाही गं, मोठं मांजर आहे.” तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. आणि गाय दिसल्यावरचं ‘आवु’ म्हणजे कुठे लागलं-खुपलं नव्हतं, आवु म्हणजे गाय. बरोबर बोललेला शब्द रोज दुरुस्त होत होता. भूभू, हम्मा असे ठराविक वस्तूसाठी ठराविकपणे येणारे तीन आवाजही शब्दच. एकूण 22.

दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे शब्द दोन्ही भाषांत मिळून मोजायचे असतात. दोन भाषांमुळे बोलणं उशिरा येतं या समजुतीला आधार नाही. तेलुगू बंद केलं असतं तर या मुलीला दिवसभर सांभाळणाऱ्या माणसाचं अर्धं बोलणंच बंद झालं असतं. म्हणून शेजारच्या बाईंचा सल्ला बाजूला ठेवला.

बाकी तपासणी: हाक मारली की दुसऱ्या खोलीतून येते, बोटाने वस्तू दाखवते, ‘चप्पल आण’ म्हटलं की आणते, डोळ्यात बघते. त्यामुळे घाबरण्यासारखं काही नव्हतं. यांतली एखादी गोष्ट नसती, किंवा आधी येत असलेले शब्द गेले असते, तर पुस्तकांत वेळ न घालवता बालरोगतज्ज्ञांकडे आणि कानांच्या तपासणीला पाठवलं असतं.

जेवतानाचा मोबाइलही होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या सूचनांत एक वर्षाच्या मुलाला, म्हणजे दुसरा वाढदिवस होईपर्यंत, स्क्रीन नकोच; दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात तासाहून जास्त नको, कमी तितकं बरं, असं आहे. जेवताना मोबाइलऐवजी पुस्तक ठेवा, असं मात्र सांगितलं नाही. जेवताना जेवण.

आठव्या आठवड्याच्या शेवटी

नानम्मा आणि मुलगी दुपारी चारला अल्बम घेऊन बसतात, कधी पाच मिनिटं, कधी वीस. आईचं वाचन आठवड्यातून चार-पाच दिवस होतं. वडील सकाळी वाचतात. मागाच्या फोटोवर तिघंही ‘खटखट-खटखट’ करतात. दोन्ही भाषांतले मिळून शब्द 41 झाले आणि दोन शब्द जोडणं सुरू झालं: ‘अजून पिल्ली’, एक मराठी आणि एक तेलुगू. हेही नेहमीचंच आहे, दुरुस्त करायचं नाही. यातलं पुस्तकांचं श्रेय किती आणि वाढत्या वयाचं किती, हे एका घरावरून ठरवायला जाऊ नये. या वयात शब्द तसेही झपाट्याने वाढतात. पुस्तकाच्या आवडीबद्दलचा निष्कर्ष मात्र पक्का आहे, कारण आता ती सहा-सात मिनिटं बसते आणि पुस्तक स्वतः मिटत नाही.

24 महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा यादी करायची आहे. दोन्ही भाषा धरून पन्नासच्या आसपास शब्द आणि तिची तिनेच जोडलेली दोन शब्दांची वाक्यं नसतील, तर कानांची तपासणी आणि बालरोगतज्ज्ञ.

शब्दचित्रांची चार पुस्तकं फुकट गेली नाहीत. आईने पांढऱ्या कार्डशीटला चौकोनी खिडकी कापली, ती पानावर ठेवली की बारांपैकी एकच चित्र दिसतं. खिडकी सरकवायचं काम मुलीकडे आहे. उभ्या चित्रांचं पुस्तक कपाटावर, ती साडेतीन वर्षांची होईपर्यंत. बोधकथा त्याच्याही मागे. शिवलेल्या पुस्तकाचा खालचा टाका मार्चमध्ये सैल झाला. भोक तीनऐवजी दोन सेंटिमीटरवर नवं पाडून ते पुन्हा शिवलं, आणि या वेळी दोरा नानम्मांनी ओवला.